गाव नाही, पण महापौर आहे

फ्रान्समधल्या व्हर्दं शहराजवळच्या फ्लरी गावावरचा लेख वाचून गलबलून आलं. पहिल्या महायुद्धात, १९१६च्या लढाईत हे शेतकऱ्यांचं गाव फ्रेंच आणि जर्मन सैन्यांमध्ये सोळा वेळा या हातातून त्या हातात गेलं आणि शेवटी एक भिंतही उभी राहिली नाही. लोकवस्ती शून्य, तरी नगरपालिका कागदावर जिवंत आहे, प्रशासन महापौर नेमतं. लेखात एक राहिलं, म्हणून सांगतो. आम्ही तिथे गेलो होतो. झाडांखाली सगळे खड्डेच खड्डे, त्यावर गवत. मध्येच एक बुटका पांढरा खांब, त्यावर लिहिलंय: बेकरी. थोडं पुढे शाळेची जागा. बायको त्या बेकरीच्या खांबापाशी चप्पल काढून उभी राहिली. मीही काढली. बराच वेळ कोणी बोललंच नाही.