रात्रीला बाराशे

लांब वीकेंड आला की कोकण-गोव्याबद्दल तीच चर्चा सुरू होते. घाटात गाड्यांची रांग, किनाऱ्यावर बाटल्या, गावाला टँकर. मग कुणीतरी लिहितं, 'भूतानसारखं शुल्क लावा, गर्दी आपोआप कमी होईल.' भूतानच्या राजधानीत, थिंफूत बसून हे वाचताना हसू येतं, कारण इथे कानावर नेमकी उलटी तक्रार पडत असते. सीमेवर उतरलेला आपला माणूस विचारतो, मित्रदेशात माणशी 1,200 रुपये कसले घेता? ही दोन्ही मतं बऱ्याचदा एकाच माणसाची असतात.

आधी हिशेब पाहू. भारतीयाला भूतानचा व्हिसा लागत नाही, पण परमिट लागतं आणि माणशी, दर रात्री 1,200 रुपये 'शाश्वत विकास शुल्क' भरावं लागतं. 6 ते 12 वर्षांच्या मुलांना निम्मं, त्याहून लहानांना माफ. म्हणजे आई-बाबा, नऊ वर्षांची मुलगी आणि चार वर्षांचा मुलगा पाच रात्री राहिले तर 12,000 अधिक 3,000, एकूण 15,000. हॉटेल, जेवण, गाइड वेगळं. अमेरिकन किंवा युरोपीय पाहुण्याला हाच दर रात्रीला 100 डॉलर आहे, वर व्हिसा-अर्जाचे 40 डॉलर, आणि व्हिसा मिळो न मिळो, ते 40 परत मिळत नाहीत. सीमेवरच्या फुन्शोलिंग गावापुरतं यायचं असेल तर 24 तासांपर्यंत शुल्क नाही.

कागदपत्रांचा घोळ मात्र पैशांपेक्षा जास्त लोकांना परत पाठवतो. इथे दोनच ओळखपत्रं चालतात: किमान सहा महिने मुदत शिल्लक असलेला पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र. आधार चालत नाही. आधारकार्डावर विमानात बसता येतं, हॉटेलात खोली मिळते, म्हणून ते इथेही चालेल असं धरून लोक हासिमारा स्टेशनवर उतरतात, सीमेलगतच्या भारतीय बाजूच्या जयगावला येतात आणि अडकतात. सगळ्यात जास्त फसतात ती विशी-बाविशीतली मुलं. मतदार यादीत नाव घातलेलं नाही, पासपोर्ट काढलेला नाही, फोनमध्ये आधार आणि लायसन्स. अठराच्या आतल्या मुलांसाठी जन्मदाखला लागतो, तोही मूळ प्रत आणि इंग्रजीत. नुसता मराठीतला दाखला खिडकीपलीकडच्या माणसाला वाचता येणार नाही, तेव्हा द्विभाषिक प्रत घरूनच काढून आणावी. परमिटचा अर्ज ऑनलाइन आधी करता येतो, हॉटेलचं बुकिंग आणि कुठल्या दिवशी कुठे, हे त्यात द्यावं लागतं. थिंफू-पारोच्या पलीकडे जायचं तर परवानाधारक गाइड हवाच. आणि घड्याळ अर्धा तास पुढे करा. सीमेवरची कमान ओलांडली की भूतानची वेळ लागू. कार्यालय बंद व्हायला पंधरा मिनिटं आहेत असं वाटत असतं तेव्हा ते पंधरा मिनिटांपूर्वीच बंद झालेलं असतं.

आता 'मित्रदेश' या मुद्द्याकडे वळू. भूतानने परदेशी पर्यटकांना दार उघडलं 1974 मध्ये, आणि तेव्हापासून 'थोडे पण खर्च करणारे' हेच धोरण सांगितलं गेलं. प्रत्यक्षात डॉलरवाल्यांसाठी दिवसाचं 200 ते 250 डॉलरचं सक्तीचं पॅकेज होतं. त्यात हॉटेल, जेवण, गाइड सगळं आणि 65 डॉलर सरकारचे. भारत, बांगलादेश आणि मालदीवच्या लोकांना यातलं काहीच लागू नव्हतं. परिणाम? 2019 मध्ये 3,15,599 पाहुणे आले, त्यातले सुमारे 2 लाख 43 हजार या तीन देशांतले, आणि त्यातही बहुतेक आपण. लोकसंख्या अवघी सव्वासात लाखांच्या आसपास असलेल्या देशात. 'थोडे' हा शब्द कागदावरच उरला होता.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये महाराष्ट्रातून मोटारसायकलींवर आलेल्या एका गटातला माणूस थिंफूजवळच्या दोचुला खिंडीतल्या स्तूपावर चढून उभा राहिला आणि तो फोटो देशभर फिरला. कायदा त्या फोटोमुळे झाला असं म्हणणं चूक. गर्दीबद्दलची कुरकुर आधीपासून होती. पण फेब्रुवारी 2020 मध्ये इथल्या संसदेने आपल्यावर 1,200 चं शुल्क बसवलं तेव्हा 'शेजाऱ्यांना वाईट वाटेल' असं म्हणणाऱ्यांचा आवाज क्षीण झाला होता, हे खरं. पुढे महामारीत सीमा बंद झाली आणि शुल्काची प्रत्यक्ष वसुली 23 सप्टेंबर 2022 ला दार पुन्हा उघडल्यावरच सुरू झाली.

मला विचाराल तर 1,200 रुपये न्याय्य आहेत. इथे प्राथमिक आरोग्यसेवा आणि दहावीपर्यंतचं शिक्षण राज्यघटनेनेच मोफत केलंय, देशाची किमान 60 टक्के जमीन कायम जंगलाखाली ठेवण्याचं बंधन त्याच घटनेत आहे. ही जंगलं पाहायला येणाऱ्याने थोडा भार उचलावा, यात अपमान कसला?

पण 'भूतानसारखं करा' म्हणणारे कथेचा पुढचा भाग सांगत नाहीत. 2022 मध्ये डॉलरवाल्यांचं पॅकेज रद्द झालं आणि 65 चे एकदम 200 डॉलर झाले, तेही हॉटेल-जेवण सोडून. पाहुणे अपेक्षेइतके आले नाहीत. कर्ज काढून हॉटेलं बांधलेल्यांनी ओरड केली, आणि वर्ष पुरं होण्याआधीच सरकारला दर निम्म्यावर आणावा लागला. 1 सप्टेंबर 2023 पासून 100 डॉलर, तूर्त ऑगस्ट 2027 पर्यंत. 2024 मध्ये आले सुमारे 1 लाख 45 हजार, म्हणजे 2019 च्या निम्म्याहूनही कमी. गर्दी घटली, बरोबर. पण थिंफूतल्या हॉटेलांत खोल्या रिकाम्या राहतात आणि तरुण मुलं ऑस्ट्रेलियाचा व्हिसा काढतात, तेही त्याच चित्रात आहे. मालवणात कर्ज काढून चार खोल्यांचं होमस्टे बांधलेल्याला हे आधी सांगायला हवं.

शिवाय इथलं शुल्क वसूल होतं कारण मोजता येतं. फुन्शोलिंगहून थिंफूला जायला गाडी रिंचेंडिंगच्या चौकीवरून वर चढते. ड्रायव्हर सगळ्यांची परमिटं गोळा करून खिडकीशी जातो, आतला माणूस डोकी आणि तारखा जुळवतो, मग आडवा दांडा वर जातो. अशी मोजकीच दारं या देशाला आहेत. कोकणात उतरायला ताम्हिणी, वरंध, कुंभार्ली, आंबा, गगनबावडा, फोंडा, आंबोली, वर कोकण रेल्वे. आणि सांगलीचा माणूस वेंगुर्ल्यात परदेशी नव्हे; देशात कुठेही फिरण्याचा हक्क त्याला संविधानाने दिलाय. परमिट मागणार कुठल्या आधारावर?

उचलायचंच असेल तर भूतानचा दुसरा, कमी गाजलेला दर उचला. भारतीय नंबरप्लेटची गाडी फुन्शोलिंगच्या पुढे न्यायची तर दिवसाला 4,500 रुपये. वरच्या त्याच कुटुंबाने स्वतःची गाडी आणली तर सहा दिवसांचे 27,000 होतात, माणसांच्या शुल्काच्या जवळपास दुप्पट. म्हणून शहाणे लोक गाडी जयगावात ठेवतात आणि भूतानी टॅक्सी करतात. रस्त्यावर गाड्या कमी, पैसे स्थानिक ड्रायव्हरच्या खिशात.

हे आपल्याकडे नवं नाही. माथेरानला गाड्या दस्तुरी नाक्यावरच थांबतात आणि माणशी कर तिथेच भरला जातो. कास पठारावर फुलांच्या हंगामात दिवसाला 3,000 माणसांची मर्यादा, ऑनलाइन बुकिंग. उटी-कोडाईकनालला मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशाने मे 2024 पासून गाड्यांना ई-पास लागतो. तिन्ही ठिकाणी भर मोजणीवर किंवा गाड्या रोखण्यावर आहे, निव्वळ शुल्कावर नाही. तारकर्लीला किंवा हरिहरेश्वरला डिसेंबरच्या एका शनिवारी किती गाड्या उतरतात, आणि गावाच्या विहिरी-टाक्यांत त्या दिवशी किती माणसांपुरतं पाणी असतं, हे दोन आकडे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहायला कुठलाही नवा कायदा लागत नाही.