विमान वेळेवर सुटलं, फक्त गेलं नाही

विमान कंपनी काढताय? अभिनंदन. विमानं भाड्याने मिळतात आणि पायलट स्वतःच कर्ज काढून शिकून येतात. तुम्हाला फक्त घड्याळ वाचता यायला हवं. म्हणजे कुठलं घड्याळ कधी वाचायचं, एवढंच.

गेल्या मे महिन्यात गोव्यातल्या मोपा विमानतळावरून मुंबईला निघालो होतो. सोबत लेकीसाठी हापूसच्या दोन पेट्या. विमान संध्याकाळी ७:४० चं. ७:३८ ला दार लागलं, विमान ढकलून चार पावलं मागे नेलं आणि तिथेच उभं केलं. मुंबईत गर्दी, म्हणे. शेजारी मालवणचे एक आजोबा होते. तासाभराने त्यांनी मला विचारलं, "इमान सुटला मां? मगे हलणा कित्याक नाय?"

आजोबांना धंदा कळत नाही. तुम्ही शिकून घ्या. दार लागलं, पार्किंग ब्रेक सुटला की बहुतेक विमानं आपोआप कंपनीला निरोप धाडतात: निघालो. याला ऑफ ब्लॉक म्हणायचं. तिथपासून मुक्कामाला पोहोचून विमान थांबेपर्यंतचा वेळ म्हणजे ब्लॉक टाइम. वेळेवर सुटलं की नाही ते त्या पहिल्या हालचालीवरून ठरतं, पुढे उडालं की नाही यावरून नाही. तेव्हा आधी हलवा, मग थांबवा. मला अडीच तासांनी त्याच बेवर, म्हणजे विमान उभं करायच्या जागी, परत आणून सोडलं. ॲपवर मात्र हिरव्या अक्षरांत होतं: वेळेवर रवाना.

जेमतेम पाऊण तासाच्या उड्डाणाला तिकिटावर सव्वा तास लिहा. लवकर पोहोचल्याचं श्रेय घेता येतं. कोकण रेल्वे पावसाळ्यासाठी वेगळं वेळापत्रक काढते, गाड्या हळू चालतील हे आधीच तोंडावर सांगते. असला भोळेपणा आपल्याला परवडायचा नाही.

आता पायलट. माझा भाचा याच लायनीत आहे, त्याने समजावलं. पायलट विमानतळावर हजर झाला की त्याची फ्लाइट ड्यूटी सुरू होते आणि शेवटचं विमान थांबेपर्यंत चालू राहते. ब्लॉक मात्र चाक हलल्यावरच. त्याच्या कंपनीत उड्डाण भत्ता ब्लॉकवर आहे. म्हणजे ब्रेक लावून बेवर तीन तास बसवलं तर त्याच्या ड्यूटीचे ठरलेले तास सरतात, भत्त्याचा मीटर बंद. वर्षाला १००० तासांच्या मर्यादेत मोजतात तेही उड्डाणाचेच तास. मग 'पायलट वर्षात हजारच तास काम करतात' असं हसत हसत सांगता येतं. पहाटे ३ ला उठून गाठलेला विमानतळ, हॉटेलची वाट, दोन विमानांमधली रखडपट्टी, हे त्या हजारात कुठे आहे? कुठेच नाही. हॉटेलात सहा तास जागा राहिलेला माणूस कागदावर विश्रांती घेत असतो. कागदावर तो घोरतोय! आणि रोस्टर, म्हणजे पायलटांच्या ड्यूटीचं वेळापत्रक, असं विणायचं, की ड्यूटीच्या शेवटच्या मिनिटापर्यंत एक मिनिट मोकळं नको. मुंबईत जरा ढग आले की सगळं कोसळतं, आणि पायलटने स्वतःहून ड्यूटीची मुदत वाढवावी म्हणून फोन जातो. तशी तरतूद अनपेक्षित अडचणीसाठी आहे, शहाण्यांनो. मुंबईची संध्याकाळची गर्दी कधीपासून अनपेक्षित झाली?

रात्र कधी संपते तेही कागदच ठरवतो. आमच्याकडे हे काम कोंबड्याचं.

विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाने (डीजीसीए) जानेवारी २०२४ मध्ये पायलटांच्या ड्यूटीचे नियम बदलले. रात्र पहाटे ५ ऐवजी ६ पर्यंत धरली, आठवड्याची सलग विश्रांती ३६ ऐवजी ४८ तास केली, रात्रीच्या ड्यूटीत ६ ऐवजी २ च लँडिंग ठेवली. पूर्ण लागू व्हायला १ नोव्हेंबर २०२५ उजाडला. तयारीला जवळजवळ दोन वर्षं. आणि डिसेंबरात काय झालं, ते विमानतळांच्या फरशीवर झोपलेल्यांना विचारा. पायलट कमी पडले, हजारो उड्डाणं रद्द झाली आणि नियमातूनच तात्पुरती सूट मिळाली. अभ्यास न करणाऱ्या पोरासाठी परीक्षा सोपी केली.

थट्टा पुरे. आपल्याच कोकण रेल्वेच्या दक्षिण टोकाला मंगळुरू आहे. २२ मे २०१० ला दुबईहून आलेलं विमान तिथल्या धावपट्टीवरून पुढे गेलं आणि दरीत कोसळलं. १५८ माणसं गेली. कॉकपिटच्या रेकॉर्डिंगमध्ये कॅप्टनच्या घोरण्याचा आवाज आहे. चौकशी अहवालात झोपेतून उठल्यावरच्या गुंगीचा उल्लेख आहे. हे ठाऊक असून तुम्ही मिनिटं कापता? लाज वाटत नाही?

आणि आपण? मोपाला सव्वादहाला कॅप्टन बाहेर आला, म्हणाला, आमची ड्यूटी आता पुरत नाही. सगळे त्याच्यावर तुटून पडलो. "ड्यूटी संपली म्हणजे? आणि आमची रात्र?" हे ओरडणाऱ्यांत मी सगळ्यात पुढे होतो. पोरगा माझ्या भाच्याच्या वयाचा, डोळे तांबारलेले. "सॉरी काका," म्हणाला. तो कशाला सॉरी म्हणतोय? खरं तर ते म्हणायचं होतं रोस्टर विणणाऱ्यांनी, आणि ते तेव्हा आपापल्या घरी गाढ झोपले होते.

नवे पायलट आले, रात्री २ ला उडालो. लेकीच्या दारात पोहोचलो तेव्हा कोकणकन्येची माणसंही मुंबईत उतरत होती.

सकाळी कंपनीचा मेसेज आला: आमच्या वेळेवरच्या सेवेला किती तारे द्याल?

पेटीतले चौदा आंबे सडले होते, तेवढे देतो.