विंचवाला कालसर्प

परवा नाशिकला गंगापूर रोडच्या आमच्या आतल्या गल्लीत रात्रीतून एक स्पीडब्रेकर उगवला आणि सकाळी माझी गाडी त्याच्यावर बसली. बसली म्हणजे खरंच बसली, पुढची चाकं पलीकडे, मागची अलीकडे आणि पोट डांबरावर. खर्रर्र आवाज आला आणि मी जागीच थांबलो, कारण अजून रेटली असती तर एक्झॉस्ट माझ्यासोबत घरी आला असता की गल्लीतच राहिला असता ते सांगता येत नव्हतं.

गाडी अबार्थ पुंटो. ताकद 145 घोड्यांची, ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे पोटाखालची मोकळी जागा, 155 मिलिमीटर. पहिल्या आकड्याचं कौतुक आपल्यालाच असतं, दुसरा मात्र सगळं शहर मिळून आपल्याकडून भोगून घेतं.

तर मी मोबाईलचा टॉर्च लावून गाडीखाली डोकं घातलं होतं, तेवढ्यात कोथिंबिरीची जुडी डोकावणारी पिशवी आणि त्यामागे चपला दिसल्या. सातपूरला डिझेलची नोझलं बनवण्यात अख्खी नोकरी काढलेले एक काका. गाडीतलं सगळं आपल्याला कळतं हा आत्मविश्वास त्यांना पेन्शनसोबतच मिळालेला.

"चायनाची का?"

"नाही काका, इटलीची. म्हणजे बनली आपल्या रांजणगावला."

"महागणपतीच्या रांजणगावला? मग हा विंचू कुठनं आला? गणपतीचा तर उंदीर असतो."

आता बोनेटवर विंचू आहे हे खरंय. मी गाडीखालनंच सांगायला लागलो की काका, कार्लो अबार्थ नावाचा माणूस होता, 15 नोव्हेंबर 1908 चा जन्म, 1949 ला त्याने कंपनी काढली, रास वृश्चिक म्हणून चिन्ह विंचू. वाटलं विषय संपला. काकांनी पिशवी बोनेटवर ठेवली.

"वृश्चिक ही त्याची सूर्यरास झाली. आपल्यात चंद्ररास बघतात. चंद्र कुठे होता?"

"मला नाही माहीत हो."

"म्हणजे न बघताच विंचू लावला. तरीच अडकली. त्र्यंबकला जाऊन कालसर्प करून घ्या."

"विंचवाला कालसर्प?"

"करून घ्यायला काय जातंय, अर्ध्या-पाऊण तासाचा तर रस्ता."

तोवर दोन दूधवाले, एक शाळेची व्हॅन आणि व्हॅनमधली सगळी पोरं प्रेक्षक झाली होती. एव्हरेज किती देते हा प्रश्न आलाच, तो येतोच, उद्या कोणी रणगाडा घेऊन कॉलेज रोडला उभा राहिला तरी आधी एव्हरेजच विचारतील. मी म्हटलं शहरात नऊ-दहा. काका व्हॅनवाल्याकडे वळून म्हणाले, "रिक्षा परवडली." माझ्याशी बोलायचं सोडून माझ्या गाडीबद्दल तिसऱ्याशी बोलणं, हे मला फार लागतं.

वर त्यांना कळलं की मी ब्रेक ऑइल बदलून येतोय. "का, संपलं होतं?" ब्रेक ऑइल संपत नाही हो, ते ओलं होतं. हवेतलं पाणी शोषतं. डॉट 4 दर्जाचं नवं ऑइल 230 डिग्रीच्या आत उकळायला नको असा नियम, पाणी शोषलेल्याला तीच मर्यादा 155. सिग्नल टू सिग्नल जाणाऱ्याला याचं काही पडलेलं नसतं, पण ट्रॅकवर लॅपमागून लॅप तेच जोरदार ब्रेक, डिस्क तापतात, ऑइल उकळतं, वाफेचे बुडबुडे होतात, मग पाय मारला की ब्रेक लागायच्या ऐवजी बुडबुडेच दाबले जातात आणि पेडल खाली जाऊन टेकतं. म्हणून जायच्या आधी बदलायचं. एवढं सगळं ऐकून काका म्हणाले, "एवढे ब्रेक मारायचेच कशाला? हळू चालवा की."

"काका, ट्रॅकवर चालवायचीये."

"कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर? तिथे गाडी नेऊ देत नाहीत."

नाही हो, कोइमतूरला, करी मोटर स्पीडवे नावाच्या रेसच्या ट्रॅकवर. नाशिकहून हजार किलोमीटरच्या पुढे, आणि तिथे जाऊन गोल फिरायचं किती तर एक फेरी सव्वादोन किलोमीटरही भरत नाही. हे मी बोलून गेलो आणि मलाच ते कसंतरी वाटलं. ज्या गाडीने जायचं तीच तिथे पिळायची आणि तिनेच घरी यायचं, त्यामुळे ब्रेकचे पॅड असे हवेत की गरम झाल्यावर धरतील पण सकाळी थंडीत दूधवाल्यासमोर किंचाळणार नाहीत. असे पॅड मिळत नाहीत. माझे किंचाळतात. पुढच्या बंपरची खालची पट्टी तर विचारूच नका, मॉडेल 2019 लाच बंद झालं, आता कोणाची गाडी ठोकली गेली की आम्ही बाकीचे आधी हळहळतो आणि मग हळूच विचारतो, पट्टी शाबूत आहे का.

ती पट्टी त्या सकाळी फाटली. म्हणून मी जरा चढ्या आवाजात विचारलं, हा ब्रेकर बांधला कोणी?

"आम्हीच," काका म्हणाले. "तिकडच्या कामावरचं डांबर उरलं होतं."

मी म्हटलं अहो याला माप असतं, इंडियन रोड्स काँग्रेसचं, उंची 10 सेंटीमीटर आणि रुंदी 3.7 मीटर, म्हणजे गाडी वर चढते आणि उतरते, तिची कंबर मोडत नाही.

"एवढा रुंद केला तर कळणार कसा?"

यावर काय बोलणार. ज्याला टांगती नंबरप्लेट घेऊन नव्वदने जायचंय तो बाईकवाला कडेच्या फटीतून तसाच जातो, ॲम्ब्युलन्समधला पेशंट आदळतो, गरोदर बाई रिक्षातून उतरून चालते, आणि मोडते ती गाडी जी आधीच वीसच्या स्पीडने येत होती. पांढरे पट्टे नाहीत, बोर्ड नाही, काही नाही. रात्री कोणी स्कूटरवरनं पडलं की मग त्याच्याच हेल्मेटची चौकशी.

शेवटी बांधकामावरच्या दोन फळ्या आणून चाकांखाली दिल्या, काकांनी "येऊ द्या, येऊ द्या, बास" केलं, बास फार उशिरा केलं, आणि गाडी सुटली.

मी निघणार तर काकांनी खिडकीवर टकटक केली. पुढचा ब्रेकर तुमच्या बिल्डिंगच्या गेटसमोर घेतोय, तुमची वर्गणी बाकी आहे, दोनशे. मागे व्हॅन हॉर्न मारत होती म्हणून दिले. पावतीपुस्तक गणेशोत्सवातलं उरलेलं. त्यावर काकांनी 'उत्सव' खोडून 'रस्ता सुरक्षा' लिहिलं, माझं नाव विचारायच्या भानगडीत पडले नाहीत, लिहिलं, 'श्री. विंचूवाले'.