लहान सीएनसी मिलिंग का घेतलं? लातूरच्या काकांच्या प्रतिक्रियेला उत्तर

काका, नमस्कार.

छंदाचं वर्कशॉप आवरून लहान सीएनसी मिलिंग, म्हणजे कॉम्प्युटरच्या हुकमाने धातू कापणारं मशीन, घेतल्याचं मी लिहिलं, त्यावर तुम्ही म्हणालात, "टनभर वजनाचं व्हर्टिकल मिलिंग आणि सहा फुटी लेथ विकून टेबलावरचं सीएनसी घेणं म्हणजे बैल विकून खेळणं आणणं. बिडाला (ओतीव लोखंडाला) मरण नसतं. एमएसमध्ये (साध्या पोलादात) हे मशीन दमणार." तुमची हयात टूलरूममध्ये गेली आहे, तेव्हा दोन ओळींत उत्तर देणं बरं दिसणार नाही.

एमएसचं तुमचं म्हणणं मला मान्य आहे. २४,००० आरपीएमचा (मिनिटाला तेवढे फेरे घेणारा) स्पिंडल, म्हणजे कटर फिरवणारा दांडा, ६,००० वर आणला की त्याची पॉवर साधारण चौथ्या हिश्श्यावर येते, आणि बॉडी हलकी असल्याने खोल कट घेतला की मशीन थरथरतं. एमएसचं जाड काम यावर करू नये, हे मी कुणालाही सांगेन.

पण माझं काम कोणतं? वाफेच्या इंजिनांची छोटी मॉडेल. पितळेचे सिलिंडर, अ‍ॅल्युमिनिअमच्या बेडप्लेट, सगळे जॉब तळहाताएवढे. त्यात सगळ्यात जास्त चालतो तो ३ मिमीचा एन्डमिल, म्हणजे बाजूने आणि टोकाने कापणारा कटर. जुन्या मशीनचा वरचा स्पीड १,५०० आरपीएम. त्यावर या कटरचा कटिंग स्पीड (धारेचा वेग) मिनिटाला जेमतेम १४ मीटर पडायचा. आता १५,००० वर तो १४१ मीटर पडतो, आणि अ‍ॅल्युमिनिअममध्ये कार्बाइडच्या कडक कटरला तेच मानवतं. दोन दातांचा कटर, दर दाताला ०.०२ मिमी धरलं तर फीड (जॉब पुढे सरकण्याचा वेग) मिनिटाला ६०० मिमी. जुन्यावर याच हिशेबाने ६० यायचं, तेही हाताने हँडल फिरवून. जरा धक्का बसला की कटर गेला. शिवाय टेबल सरकवणाऱ्या जुन्या स्क्रूला बॅकलॅश (ढिलेपणा) होता, त्यामुळे क्लाइंब मिलिंगचं, म्हणजे कटर फिरतो त्याच दिशेने जॉब सरकवून कापण्याचं, नाव काढता येत नव्हतं. नव्या मशीनच्या बॉलस्क्रूवर (आत गोळ्या असलेल्या, ढिलेपणा नसलेल्या स्क्रूवर) ते बिनधास्त होतं आणि फिनिश आरशासारखं येतं.

बिडाला मरण नसतं हे खरंच, पण बंद मशीनच्या स्लाइडवर पावसाळ्यात गंज चढतो. माझं मिलिंग वाळूजला जॉबवर्क सुरू केलेल्या एका पोराने नेलं. तिथे ते रोज चालतंय, याचा मला मनापासून आनंद आहे.

जुनं वर्कशॉप पत्र्याच्या शेडमध्ये होतं. ती शेड सोडण्याचं आणखी एक कारण म्हणजे आपल्याकडचा उन्हाळा. पत्र्याखाली सकाळी आणि दुपारी १५ अंशांचा फरक सहज पडतो. तेवढ्यात ३०० मिमीची अ‍ॅल्युमिनिअमची पट्टी ०.१ मिमीने वाढते. सकाळी बोअर केलेल्या भोकांशी दुपारची भोकं जुळणार कशी? आता मशीन घरातल्या उत्तरेच्या खोलीत आहे, सिंगल फेजवर.

मशीन दमण्याचा, म्हणजे रिजिडिटीचा (ताठपणाचा) मुद्दा तुम्ही काढलात म्हणून सांगतो, मशीन बसवताना मी सगळ्यात जास्त वेळ कॉलमवर, म्हणजे स्पिंडल धरणाऱ्या उभ्या खांबावर, घालवला. स्पिंडलला डायल (बारीक फरक दाखवणारं काट्याचं मापक) लावून टेबलावर २०० मिमीच्या वर्तुळात फिरवला, तर पुढे-मागे ०.०८ मिमीचा फरक. कॉलमचा पाया १५० मिमी लांब, म्हणजे खाली घालायची पातळ पट्टी (शिम) ०.०६ मिमीची. कॉलम कलला होता त्या बाजूचे बोल्ट सैल करून पितळेची पट्टी सरकवली, बोल्ट तिरपे-तिरपे आवळले आणि पुन्हा डायल फिरवला. आवळताना काटा परत हलतो, म्हणून हे धीराने करावं लागतं. कटरही कॉलेटमधून (कटर पकडणाऱ्या चिमट्यातून) लागेल तेवढाच बाहेर ठेवतो. बाहेरची लांबी दुप्पट झाली की वाक आठपट होतो, आणि तिथे बॉडी बिडाची असली तरी फरक पडत नाही.

कंट्रोलर कोणता, असंही तुम्ही विचारलंत. जुन्या डेस्कटॉपवर लिनक्ससीएनसी हे मशीन चालवणारं सॉफ्टवेअर वापरतो. ते फुकट आहे आणि भरवशाचंही. काळजी आहे ती लाइटची. कॉम्प्युटर आणि ड्राइव्ह यूपीएसवर आहेत, स्पिंडल नाही. लाइट गेली, स्पिंडल थांबला आणि टेबल मात्र सरकत राहिलं, तर कटर तुटणारच. म्हणून व्हीएफडीचा (स्पिंडलचा वेग सांभाळणाऱ्या ड्राइव्हचा) रिले इमर्जन्सी स्टॉपच्या लूपमध्ये घेतला आहे. व्हीएफडी बंद पडलं की लूप तुटतो आणि सगळं जागच्या जागी थांबतं. माझ्या स्टेपरना (टेबल सरकवणाऱ्या मोटरांना) आपली जागा कळवणारा एन्कोडर नाही, त्यामुळे लाइट आल्यावर होमिंग (मशीन मूळ जागी नेऊन शून्य धरणं) केल्याशिवाय मी सायकल स्टार्ट दाबत नाही.