'साधा एक फोन' सांभाळण्याबद्दल: एका प्रतिक्रियेला उत्तर

'रोखठोक' या टोपणनावाने लिहिणाऱ्या वाचकांस,

दादा म्हणू की काका, कळत नाही. टोपणनावाला वय नसतं. तूर्त दादा म्हणते.

मी दुकानदारांची सोशल मीडियावरची खाती चालवते. ही गिऱ्हाइकांची खाती सारखी लॉक होतात म्हणून मी प्रत्येकासाठी वेगळा क्लाउड फोन, म्हणजे दूरच्या सर्व्हरवर चालणारा फोन, का घेतला, हा माझा मागचा लेख. त्यावर तुम्ही रात्री पावणेबाराला प्रतिक्रिया टाकलीत. ज्यांच्या नजरेतून ती सुटली त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. तुमचं म्हणणं असं: क्लाउड फोनचा आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता, डेटा सेंटरचा (सर्व्हर ठेवतात त्या जागेचा) असतो, त्यामुळे खातं वाचायचं सोडून लवकर उडतं. पासवर्ड आणि ओटीपी परक्या कंपनीच्या हातात जातात. ॲपला आयएमईआय, म्हणजे हँडसेटचा ओळख क्रमांक, दिसतो असं मी लिहिलं ते चूक. पेजचे हक्क वाटून देण्याची अधिकृत सोय आहे, ती न सांगता मी खाली क्लाउड फोन विकणाऱ्या कंपनीची लिंक चिकटवली. आणि शेवटचं वाक्य जसंच्या तसं: 'ताई, ज्यांना साधा एक फोन नीट सांभाळता येत नाही त्यांनी लोकांना सल्ले देऊ नयेत.'

चार मुद्दे मांडलेत, मांडा की. हे पाचवं कशासाठी होतं?

चुकलेलं आधी कबूल करते, म्हणजे पुढे बोलायला मोकळी. आयएमईआयचं तुमचं बरोबर आहे. अँड्रॉइड १० आलं तेव्हापासून, म्हणजे २०१९ पासून, साध्या ॲपला तो क्रमांक वाचता येत नाही. मी जुन्या आठवणीवर लिहून मोकळी झाले. ती ओळ बदलली आहे आणि शेजारी 'दुरुस्ती' असंही लिहिलं आहे. आभार. हे आभार मनापासूनचे आहेत. पुढचं वाचताना तसं वाटणार नाही, म्हणून आत्ताच सांगून ठेवते.

आता 'साधा एक फोन'.

दादा, आमचा मिरजेत एसटीडी बूथ होता. मी सातवीत असल्यापासून तिथे बसायची. पिवळी पाटी, प्लायवूडची केबिन, काचेचं दार नीट लागायचं नाही म्हणून आत दुमडलेला पुठ्ठा. बाहेर टेबलावर मीटर, त्यावर लाल आकडे पळायचे, आणि माणसाचा जीव त्या आकड्यांत. मिरजेत दवाखाने भरपूर, पेशंट पार विजापूर-बेळगावकडून यायचे. त्यांचे नातेवाईक गावाकडे कळवायला आमच्याकडे. रात्री अकरानंतर पाव दर लागायचा, त्यामुळे साडेदहापासून बाकड्यावर रांग. ऑपरेशन झालं, शुद्धीवर आलेत, पैसे पाठव, येऊ नको, लगेच ये. बाबा जेवायला गेले की लाइन लावून देणं, पावती फाडणं, कुणाचा फोन येणार असेल तर वहीत नाव लिहून ठेवणं, हे सगळं माझ्याकडे. वहीत नाव लिहिलं आणि निरोप पोचला नाही, असं एकदाही झालं नाही. एकदाही.

तर फोन कसा सांभाळतात हे मला तुमच्याकडून शिकायचं असेल तर शिकेन. पण आधी तुम्ही किती फोन सांभाळलेत ते सांगा. स्वतःच्या खिशातला धरू नका.

तुम्ही बहुधा नोकरीत असाल. स्वतःचं एक खातं, त्यावर सुट्टीतले फोटो, झालंच तर वाढदिवसाला केकचा. ते लॉक झालं तर तुमचं काय अडतं? दोन दिवस शांत झोप लागेल. माझ्याकडे अकरा जण आहेत. तासगावचे बेदाणेवाले, दोन साड्यांची दुकानं, एक आहारतज्ज्ञ बाई, तंबोरे-सतारी करणारे मिरजेतलेच एक वयस्कर कारागीर, सांगलीचं एक ढोल-ताशा पथक, असे. त्या कारागिरांना कुणी परदेशातून मेसेज करून तंबोऱ्याचा भाव विचारला तर त्याला मराठीतून इंग्रजीत उत्तर मी देते. २०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून विचारणा वाढली आहे. ते खातं लॉक झालं तर गेलेलं गिऱ्हाईक परत येत नाही, दुसऱ्या शहरात जातं.

पूर्वी ही अकराही खाती माझ्या एकाच हँडसेटवर होती. म्हणजे तुम्ही म्हणता तो साधा एक फोन. त्याचं काय झालं ते मागच्या लेखात दोन ओळींत उरकलं होतं, आता सविस्तर सांगते.

२०२३ ची गणेश चतुर्थी १९ सप्टेंबरला होती. आदल्या रात्री मी पथकाच्या सरावाला. मिरवणुकीच्या सुपाऱ्या जवळपास सगळ्या त्या खात्यावरच्या मेसेजमधून येतात, म्हणून मुलं म्हणाली, ताई, लाइव्ह रील टाक. घरून निघताना वायफायवर होते, रस्त्यात मोबाईल डेटा, मैदानावर रेंज नाही म्हणून एका मुलाचा हॉटस्पॉट. मधेच साडीवाल्यांचा फोन, 'सकाळची पोस्ट गेली का?' म्हणून त्यांच्या खात्यात गेले, तिथून बेदाणेवाल्यांच्या, परत पथकाच्या. दहा मिनिटांत सहा उड्या. आणि पडदा पांढरा. संशयास्पद हालचाल आढळली, तुम्ही तुम्हीच आहात हे सिद्ध करा.

कोड पाठवला म्हणे. कुणाला? ज्या मुलाने पाच वर्षांपूर्वी ते खातं उघडलं त्याच्या नंबरवर. तो मुलगा पुण्याला नोकरीला, ते सिम त्याने कधीच टाकून दिलेलं. (लेखात लिहिलं होतं, पुन्हा लिहिते: बंद पडलेला नंबर ९० दिवसांनंतर दुसऱ्या कुणालाही मिळू शकतो. खात्याला लावलेलं सिम रिचार्ज करत राहा.) मग सेल्फी व्हिडिओ. ढोलांच्या गराड्यात, मोटारसायकलच्या हेडलाइटमध्ये उभी राहून मी मान डावीकडे केली, उजवीकडे केली, वर केली. नामंजूर. होणारच नामंजूर! त्या खात्यावर चारशे फोटो, सगळे ढोलांचे आणि झेंड्यांचे. माझा चेहरा ते जुळवणार कशाशी?

आता तुम्ही म्हणाल, तक्रार का नाही केली. केली. २०२१ च्या आयटी नियमांप्रमाणे तेव्हा कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याने २४ तासांत पोच द्यायची होती आणि १५ दिवसांत निकाल. पोच आली, वेळेत आली. पण अनंत चतुर्दशी होती २८ सप्टेंबरला. गणपती दहाव्या दिवशी जाणार, निकाल पंधराव्या दिवशी येणार. वर अपिलासाठी सरकारने २०२३ मध्ये तक्रार अपिलीय समित्याही नेमल्या आहेत, तिथे दाद मागायला ३० दिवस. चांगली सोय आहे, खरंच चांगली आहे. पथकाच्या पोरांना तेवढं समजावून सांगायला तुम्ही या.

त्या वर्षी सुपाऱ्या अर्ध्यावर आल्या. मुलांनी मला एक शब्द बोलून दाखवला नाही, आणि तेच जास्त लागलं. तुमच्या वाक्याने ते पुन्हा वर आलं, म्हणून एवढं लांबलं.

लॉक करतं ते यंत्र, हे लक्षात घ्या. आयटी नियम आल्यावर व्हॉट्सॲपने भारतासाठीचा पहिला मासिक अहवाल काढला. त्यात १५ मे ते १५ जून २०२१ या एका महिन्यात बंद केलेल्या खात्यांचा आकडा २० लाख आहे. एवढी खाती माणूस बसून तपासत नाही. यंत्र बघतं की एका हँडसेटवरून अकरा जण बोलतायत, जागा बदलतायत, घाई करतायत. त्याला पथक आणि टोळी यातला फरक कळत नाही. मग मी काय करायचं? अकरा हँडसेट घ्यायचे? घेतले असते, तर अकरा चार्जर लावायला आमच्या घरात तेवढे सॉकेट नाहीत.

म्हणून क्लाउड फोन. दूर कुठल्यातरी सर्व्हरवर अँड्रॉइड चालतं, माझ्याकडे फक्त पडदा येतो. बोट इथे लावायचं, बटण तिथे दाबलं जातं. बेदाणेवाल्यांचा फोन बेदाणेवाल्यांपुरता, पथकाचा पथकापुरता. तो मैदानावर जात नाही, हॉटस्पॉट पकडत नाही, रात्री बंद पडत नाही. एक खातं, एक फोन, एक जागा. नाव, नंबर, दुकान सगळं खरं. यात चोरी कुठे आहे? तुम्ही चोरी हा शब्द वापरला नाहीत, माहीत आहे. पण सूर तोच होता.

आता बाकीचं भराभर.

आयपी. तुम्ही आयपी आयपी करता, पण मोबाईल डेटावर एका पत्त्यामागे शेकडो गिऱ्हाइकं बसवलेली असतात आणि तो पत्ताही बदलत राहतो, त्याचं काय? डेटा सेंटरचा निदान जागचा हलत नाही. आणि पुस्तकातलं सोडा, माझा अनुभव सांगते: नऊ खाती क्लाउड फोनवर नेली, सात आजही सुरळीत चालू आहेत. दोन गेली, पण त्यांची कारणं वेगळी होती, त्यात आत्ता शिरत नाही. शिवाय तुम्ही न सांगितलेली खोट मीच सांगते: या फोनची बॅटरी दिवसभर एकाच आकड्यावर असते आणि तो कधी हलत नाही, तिरका होत नाही. ॲपला शंका घ्यायचीच असेल तर तेवढं पुरेसं आहे. बघा, मी काही लपवत नाही.

अधिकृत सोय. आहे, आणि चौघांसाठी मी तीच वापरते. पण हक्क वाटायला आधी ते कुणाकडे तरी असावे लागतात. बेदाणेवाल्यांचं पेज त्यांच्या पुतण्याने उघडलं, पुतण्या आखातात, काकांचं स्वतःचं खातंच नाही. काकांना तुम्ही फोन करता की मी करू?

लिंक. त्या लिंकमधून आजपर्यंत ३४० रुपये आले. लिंक राहील, पण त्यातून मला पैसे मिळतात हे तिच्याशेजारी आता लिहिलं आहे. आधीच लिहायला हवं होतं. हे तुम्ही म्हणाला नाहीत, मी म्हणतेय.

पासवर्ड आणि ओटीपी परक्यांच्या हातात. ओटीपी सिमवर येतो, आणि क्लाउड फोनमध्ये सिमच नसतं. सिमं माझ्या ड्रॉवरमध्ये आहेत, प्रत्येकाला चिकटपट्टी लावून दुकानाचं नाव लिहिलेलं. जिथे जमलं तिथे ऑथेंटिकेटर, म्हणजे लॉगिनचा कोड देणारं ॲप, लावलाय, त्याचा सहा आकडी कोड दर ३० सेकंदांनी बदलतो आणि तो माझ्या स्वतःच्या हँडसेटवर आहे. बॅकअप कोड कागदावर, कागद स्टीलच्या डब्यात. व्हॉट्सॲप मी क्लाउड फोनवर टाकतच नाही. २०२५ च्या नोव्हेंबरात दूरसंचार विभागाने मेसेजिंग ॲप फोनमधल्या सिमशी बांधायचे निर्देश काढले, तेव्हाच तो नाद सोडला. हेही लेखात होतं. तुम्ही शेवटपर्यंत वाचलात की लिंक दिसल्याबरोबर लिहायला बसलात?

पासवर्ड तिथे टाकावा लागतो, हो. टाकला की खातं तिथे उघडं असतं, तेही हो. पण आमच्या बूथच्या केबिनचं दार नीट लागायचं नाही हे वर सांगितलंच. अख्ख्या मिरजेचं काय काय बाबांच्या कानावर पडायचं. कुणाला कसला आजार, कुणाचं कर्ज, कुणाचं लग्न मोडलं. बाबांनी कधी घरी येऊन आईलासुद्धा सांगितलं नाही. माणसं विश्वासानेच यायची ना?

आता तुम्ही लिहाल की बाबा समोर बसलेले असायचे आणि ही कंपनी कुठे बसलीय ते तुलाच माहीत नाही. लिहा. त्याचं उत्तर माझ्याकडे आहे, पण ते दोन ओळींत मावणारं नाही, स्वतंत्र लेख लागेल. गणपती झाल्यावर बघते.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. तिला ज्या तिघांनी अंगठे दिलेत त्यांची नावं मात्र बघून ठेवली आहेत. त्यातले एक आमचे साडीवाले आहेत. शेठ, तुमची उद्या सकाळची पोस्ट लावून ठेवली आहे, नऊ वाजता जाईल.