३००ची चिप ४५०वर चालवली, त्यात कोणाचं काय गेलं?

काका, तुमची प्रतिक्रिया दोन दिवस डोक्यात घोळते आहे. तिच्याखाली चार ओळी खरडणं बरं दिसेना, म्हणून स्वतंत्रच लिहिते.

ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. मागच्या लेखात मी माझ्या पहिल्या कॉम्प्युटरबद्दल लिहिलं होतं. इंटेलचा ३०० मेगाहर्ट्झचा सेलेरॉन ३००ए प्रोसेसर, म्हणजे कॉम्प्युटरची मुख्य चिप, ४५० मेगाहर्ट्झवर कसा चालवला, आजोबांच्या रेकॉर्डी त्यावर एमपीथ्री कशा केल्या आणि नॅपस्टरवरून, म्हणजे लोक इंटरनेटवर एकमेकांना गाणी फुकट द्यायचे तिथून, रात्र-रात्र जागून गाणी कशी उतरवली, ते सगळं. सांगलीत बरीच वर्षं कॅसेटचं दुकान चालवलेल्या काकांनी त्यावर लिहिलं की या दोन्ही सवयी एकच आहेत, ज्याचे पैसे मोजले नाहीत ते घ्यायचं. त्यापायी कंपन्या बुडाल्या, कलाकार बुडाले, आमच्यासारख्यांची दुकानं बंद पडली, आणि तुम्ही ते कौतुकानं सांगता.

दुकानाचं आधी बोलते. अख्ख्या लेखात मी दुकानदाराबद्दल एक अक्षर लिहिलं नव्हतं. मला गाणी कोणी ऐकवली, "हे घेऊन जा, आवडलं नाही तर परत आण" असं कोण म्हणालं, तर गल्लीतला कॅसेटवालाच. त्याला विसरून मी नॅपस्टरचे गोडवे गायले. तुम्हाला लागलं ते बरोबरच आहे, आणि त्याबद्दल मनापासून माफी मागते.

पण "दोन्ही एकच" हे मला पटत नाही, काका. चोरी झाली की नाही हे ठरवताना कोणाचं काय गेलं, ते बघायला हवं.

चिपचं बघा. सेलेरॉन ३००ए ऑगस्ट १९९८मध्ये आला. त्याचा गुणक, म्हणजे चिप बसच्या किती पट वेगानं चालणार तो आकडा, कारखान्यातच साडेचारवर पक्का केलेला होता. बस, म्हणजे चिपला बोर्डाशी जोडणारी वाट, ६६ मेगाहर्ट्झची, म्हणून ६६ गुणिले साडेचार, झाले साधारण ३००. बस १००वर नेली की तीच चिप ४५०वर पळते. त्याच महिन्यात इंटेलनं पेंटियम टू ४५० आणला. त्याचा अमेरिकेतला दर ६६९ डॉलर आणि सेलेरॉनचा १४९. सेलेरॉनची कॅश, म्हणजे हाताशी असलेली छोटी वेगवान मेमरी, फक्त १२८ केबी, पण ती प्रोसेसरच्याच वेगानं चालायची. पेंटियमची ५१२ केबी असली तरी निम्म्या वेगानं. त्यामुळे बऱ्याच कामांत ही स्वस्त चिप महागड्या चिपच्या खांद्याला खांदा लावून उभी राहायची.

माझ्या मदरबोर्डच्या बायोसमध्ये, म्हणजे त्याच्या मूळ सेटिंगांत, बसचा वेग बदलायची सोय नव्हती. उपाय एकच, तो म्हणजे स्लॉटमध्ये बसणाऱ्या कार्डाच्या कडेला जे सोनेरी पट्टे असतात, त्यांतला बी२१ नावाचा पट्टा झाकायचा. तो झाकला की बोर्डाला वाटतं, ही चिप १००च्या बसची आहे. सेलोटेपची काडीपेक्षा बारीक पट्टी ब्लेडनं कापली, भुवयांच्या चिमट्यानं बसवली. शेजारचा पट्टा चुकूनही झाकला जाऊ नये म्हणून भिंगातून तीन-तीनदा पाहिलं आणि श्वास रोखून कार्ड खाली दाबलं. सुरू होताना पडद्यावर ४५० उमटलं. पहिल्या रात्री दोन तासांत विंडोज गोठलं. मग मोठा पंखा लावला, हीटसिंकला नवी पेस्ट लावली, आणि मशीन टिकलं. वॉरंटीवर त्याच क्षणी पाणी सोडलं होतं. चिप जळली असती तर नवी माझ्याच खिशातून आणावी लागली असती.

यात इंटेलचं काय गेलं? मी चिपचे पूर्ण पैसे मोजले होते. सायकल विकणारा "ताशी १५ किलोमीटरच्या वर चालवू नका" असं म्हणू शकत नाही. सायकल माझी, पाय माझे, पडले तर गुडघाही माझाच.

आता त्याच बाजारातली दुसरी गोष्ट सांगते, कारण तुमचा मुद्दा खरा तिथे लागू पडतो. इंटेलनं गुणक पक्का करायला लागण्याचं एक मोठं कारण म्हणजे रीमार्किंग. काही व्यापारी कमी वेगाच्या चिपवरचे आकडे घासून काढायचे, वर जास्त वेगाचा आकडा छापायचे आणि त्याच भावानं विकायचे. घेणाऱ्याला पत्ता नाही. उन्हाळ्यात मशीन बंद पडायला लागलं की तो बिचारा दुकानदाराशी भांडणार. चिपचा वेग तोच, पण इथे फसवणूक आहे, कारण दुसऱ्याला खोटं सांगून पैसे घेतले.

गाण्यांतही असे रीमार्किंगवाले होतेच. फुटपाथवर शंभर-दीडशे गाण्यांची एमपीथ्री सीडी मिळायची, झेरॉक्स केलेल्या कव्हरची. ती विकणाऱ्यानं कोणालाही एक पैसा दिलेला नसायचा. तुमच्या दुकानाला नॅपस्टरपेक्षा याची झळ जास्त बसली असणार, असं मला वाटतं. डायल-अपवर चार-पाच एमबीचं एक गाणं उतरायला वीस मिनिटं लागायची, मध्येच लाइन तुटली की पहिले पाढे पंचावन्न. सांगली-पुण्याच्या किती घरांत तेव्हा नॅपस्टर होतं? त्या सीड्या मात्र एसटी स्टँडवर ढिगानं असायच्या.

तरी नॅपस्टरचं मी झाकून ठेवत नाही. तिथून मी उतरवलेली गाणी बहुतेक अमेरिकी बँडची होती, आणि त्यांतल्या कित्येकांच्या सीड्या पुण्यात विकत मिळत होत्या. मी त्या घेतल्या नाहीत. चिपचे पैसे मोजले होते, या गाण्यांचे नाही. इथे कोणाचं तरी काहीतरी गेलं, हे मला मान्य आहे. मागच्या लेखात ते "सगळेच करत होते" या वाक्याखाली दडपलं होतं. ते वाक्य आज काढून टाकलं आहे.

पण ते नेमकं कोणाचं गेलं? "कंपनी आणि कलाकार" असं तुम्ही एका दमात म्हणता, तिथे मी अडखळते. रेकॉर्ड कंपन्यांनी डिसेंबर १९९९मध्ये नॅपस्टरवर दावा लावला. पुढे पाचच महिन्यांत, मे २०००मध्ये, त्याच पाच बड्या कंपन्यांना अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनशी, म्हणजे ग्राहकांचं हित बघणाऱ्या सरकारी यंत्रणेशी, समझोता करावा लागला. प्रकरण दुकानदारांचंच होतं, काका. एखाद्या दुकानदारानं ठरलेल्या दराखाली सीडीची जाहिरात केली, तर कंपनी त्याचा जाहिरातीचा पैसा बंद करायची. म्हणजे गिऱ्हाइकाला स्वस्त देऊ पाहणाऱ्या दुकानदारालाच शिक्षा. त्यापायी ग्राहकांनी तीनेक वर्षांत ४८ कोटी डॉलरपर्यंत जादा मोजले, असा कमिशनचा अंदाज होता. म्हणून मी केलेलं योग्य ठरत नाही. पण या कंपन्या तुमच्या बाजूनं लढत होत्या, हे मला कोणी सांगू नये.

आपल्याकडे तर कलाकाराचा वाटा हा आणखीच अवघड विषय. साठच्या दशकाच्या सुरुवातीला लताबाईंनी गायकांना रॉयल्टी मिळावी असा आग्रह धरला आणि त्यावरून रफीसाहेबांशी त्यांचं काही वर्षं एकत्र गाणं बंद होतं. १९७७मध्ये सुप्रीम कोर्टानं निकाल दिला की निर्मात्यानं पैसे देऊन चित्रपटासाठी गाणं करून घेतलं, तर वेगळा करार नसेल तर पहिला मालक निर्माता. गीतकार-संगीतकार ठरलेली रक्कम घेऊन मोकळे. ते बदललं २०१२च्या कायदादुरुस्तीनं. आता गीतकार आणि संगीतकार रॉयल्टीचा हक्क सही करूनसुद्धा सोडून देऊ शकत नाहीत. राज्यसभेत जावेद अख्तर यांनी त्यासाठी तळमळीनं भाषण केलं होतं. म्हणजे तुमच्या काउंटरवर कॅसेट खपत होती त्या सगळ्या काळात, बऱ्याचशा हिंदी गाण्यांच्या विक्रीतून ते लिहिणाऱ्याला नवा रुपया मिळत नव्हता, आणि त्याला नॅपस्टर कारण नव्हतं.

अजून एक आठवण सांगते, राग मानू नका. आमच्या पेठेतल्या दुकानात कोरी कॅसेट आणि गाण्यांची यादी दिली की दोन दिवसांत गाणी भरून मिळायची. साठ मिनिटांची वेगळी, नव्वदची वेगळी. बाबांच्या अक्षरातल्या तशा दहा-बारा कॅसेट अजून घरात आहेत. तुमच्याकडे ती सोय होती का, मला माहीत नाही. पण त्या माणसाला आम्ही कोणी चोर म्हटलं नाही. तिकडे ब्रिटनमध्ये मात्र तिथल्या रेकॉर्ड कंपन्यांच्या संघटनेनं १९८१मध्ये घरी कॅसेट भरण्याविरुद्ध मोहीमच काढली होती. कॅसेटचं चित्र, खाली समुद्री चाच्यांसारखी दोन हाडं, आणि संगीत मरतंय म्हणून घोषणा. तेव्हा त्यांच्या लेखी आरोपी कॅसेटच होती.

आता आजोबांच्या रेकॉर्डी. ट्रंकेत ४१ होत्या, ७८ आरपीएमच्या. बहुतेक नाट्यसंगीत, थोडी भावगीतं. एका बाजूला जेमतेम सव्वातीन मिनिटं. त्यांतल्या कितीतरी कुठल्याच कंपनीच्या यादीत नव्हत्या. मी विचारत फिरले होते. एका ठिकाणी मला "बाई, हे आता कोण ऐकतं" असं उत्तर मिळालं होतं. मऊ ब्रशनं खाचा साफ करायच्या, साउंड कार्डाच्या लाइन-इनला वायर जोडायची आणि रात्री घर झोपल्यावर सुई टेकवायची. एकीच्या शेवटी गायिका आपलं नाव सांगते. सुरुवातीच्या काळात रेकॉर्डी जर्मनीत हॅनोव्हरला छापून यायच्या, तिथल्या कारागिरांना ही बाजू कोणाची ते कळावं म्हणून तशी पद्धत होती. १९०८मध्ये कलकत्त्यात सियालदहला कारखाना निघाला. ते नाव मी पहिल्यांदा हेडफोनमधून ऐकलं तेव्हा पहाटेचे तीन वाजले होते, आणि एमपीथ्री करणारी ती ४५०ची चिप शेजारी घुंघुं करत होती. ३००वर जे काम तीन तासांचं, ते ती दोनात उरकायची.

आपल्या कायद्यानं ध्वनिमुद्रणाचा हक्क ६० वर्षं राहतो. त्या ४१पैकी बहुतेक मुद्रणांची मुदत तेव्हा संपलेली होती. ज्यांच्या कवींचे हक्क शिल्लक होते, त्या बाजू मी घरापुरत्याच ठेवल्या. बाकीच्या मागेल त्याला दिल्या, आणि त्या देण्याबद्दल मला कसलीही टोचणी नाही.

तुम्ही शेवटी लिहिलंय की दुकानातला न खपलेला माल अजून माळ्यावर खोक्यांत आहे. काका, तो भंगारात घालू नका. छोट्या कंपन्यांनी काढलेली भजनं, लोकनाट्यं, स्थानिक गायकांच्या कॅसेट यांचं दुसरं मूळ कुठे उरलं असेल, सांगता येत नाही. मी डेक घेऊन सांगलीला येईन. तोवर खोकी कोरड्या जागी ठेवा, स्पीकर आणि मोटरीपासून लांब, कॅसेट उभ्या. आणि लगेच लावून बघू नका. जुन्या कॅसेटमध्ये टेपमागची फेल्टची छोटी गादी गोंद सुकून निसटते, आणि मग आवाज दबका येतो. ती बसवून घेऊ, टेप एकदा पुढे-मागे फिरवून मोकळी करू, मग ऐकू.