‘आम्ही हेल्मेटशिवाय खेळलो, काय झालं?’ त्या फॉरवर्डला माझं उत्तर

गेले काही दिवस पालकांच्या गटांवर एक मजकूर फिरतो आहे. मला तो एकाच दिवशी चार ठिकाणांहून आला. फोंड्यातल्या एका पालकाने पाठवला, डिचोलीहून आला, आणि एकदा तर माझ्याच सहकारी शिक्षिकेने ‘किती खरं आहे ना!’ असं लिहून पाठवला. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

मजकूर थोडक्यात असा: ‘अमेरिकेतल्या हायस्कूलच्या बेसबॉलचे नियम वाचा आणि हसा. रांगेत उभ्या असलेल्या मुलालाही हेल्मेट. पिचरने किती चेंडू टाकले ते मोजायचं. गडगडलं की अर्धा तास खेळ बंद. डोक्याला जरा लागलं की डॉक्टरची चिठ्ठी. ही सगळी वकिलांची भीती आणि सामान विकणाऱ्या कंपन्यांचा धंदा. आम्ही कापणी झालेल्या शेतात कॉर्कच्या बॉलने खेळलो, कुणाला काही झालं नाही. आणि हेल्मेट घालूनही फिलिप ह्यूज गेलाच ना? आपल्या शाळांनी ही थेरं आणू नयेत. मुलं काचेची होतील.’

मी बावीस वर्षं शारीरिक शिक्षण शिकवते. सॉफ्टबॉल खेळत मोठी झाले, नंतर सॉफ्टबॉल आणि बेसबॉल दोन्हींना पंच म्हणून उभी राहिले. त्यामुळे यातला प्रत्येक मुद्दा मला मैदानावर भेटलेला आहे.

‘कुणाला काही झालं नाही’ इथूनच सुरुवात करते. माझा मावसभाऊ तशाच शेतात खेळला. कॉर्कचा बॉल ढेकळावर पडून उसळला आणि त्याच्या डाव्या डोळ्यावर बसला. आज त्याचं किराणा दुकान आहे. सुटे पैसे देताना तो मान डावीकडे वळवतो, कारण त्या बाजूचं त्याला दिसत नाही. त्याच्याबरोबर खेळणाऱ्या आठ-दहा जणांना विचारा, ते खरोखरच सांगतील की आम्हाला काही झालं नाही. ते खोटं बोलत नाहीत. ते फक्त स्वतःबद्दल बोलतात.

हे वाक्य अमेरिकेतही म्हटलं जात होतं, आणि तेही वर्षानुवर्षं. 16 ऑगस्ट 1920 ला न्यू यॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर क्लीव्हलँडच्या संघाचा रे चॅपमन बॅटिंगला उभा होता. पिचर (चेंडू टाकणारा) कार्ल मेजचा चेंडू त्याच्या डोक्यावर आदळला. आवाज असा झाला की मेजला वाटलं चेंडू बॅटला लागला. परत आलेला चेंडू मेजने उचलला आणि बॅटरला बाद करायला पहिल्या बेसकडे, म्हणजे धावताना बॅटरने गाठायच्या पहिल्या ठाण्याकडे, फेकला. चॅपमन दुसऱ्या दिवशी पहाटे गेला. एवढं होऊनही तिथल्या मोठ्या लीगमध्ये, म्हणजे व्यावसायिक बेसबॉलच्या सर्वोच्च स्पर्धेत, नव्या खेळाडूंना हेल्मेट सक्तीचं झालं ते 1971 साली, आणि जुन्यांना सवलत दिल्यामुळे हेल्मेटशिवाय बॅटिंग करणारा शेवटचा खेळाडू 1979 पर्यंत खेळत होता. म्हणजे ज्यांना आपण घाबरट म्हणतो आहोत, त्यांना हा नियम गळी उतरवायला पन्नास वर्षं लागली.

‘रांगेतल्या मुलाला हेल्मेट कशाला?’ हायस्कूलच्या नियमांप्रमाणे दोन्ही कान झाकणारं हेल्मेट बॅटर, पुढचा बॅटर आणि बेसवरचे रनर या सगळ्यांना लागतं. पहिल्या आणि तिसऱ्या बेसजवळ कोच म्हणून विद्यार्थी उभा असेल, तर त्यालाही लागतं. कारण साधं आहे. बेसबॉलचा चेंडू 142 ते 149 ग्रॅमचा असतो, आपल्या सीझन बॉलपेक्षा थोडाच हलका. फाउल गेलेला, म्हणजे रेषेबाहेर उडालेला चेंडू कुठे जाईल ते मारणाऱ्यालाही ठाऊक नसतं. आणि पुढचा बॅटर त्या वेळी काय करत असतो? स्वतःची बॅट फिरवत असतो, किंवा प्रेक्षकांत बसलेल्या मित्राकडे बघत असतो. जुलै 2007 मध्ये तुल्सा ड्रिलर्स या संघाचा कोच माइक कूलबॉ पहिल्या बेसजवळ उभा असताना अशाच एका सरळ फटक्याने मेला. पस्तीस वर्षांचा माणूस, आयुष्यभर हाच खेळ खेळलेला. पुढच्या हंगामापासून मोठ्या लीगमध्ये बेस कोचनाही हेल्मेट आलं. खरं सांगायचं तर मार त्याच्या मानेला बसला होता, त्यामुळे हेल्मेट असतं तर तो वाचलाच असता, असं मी म्हणणार नाही.

इथेच ऑस्ट्रेलियाचा क्रिकेटपटू फिलिप ह्यूजचा मुद्दा येतो. तोही मानेचाच. 25 नोव्हेंबर 2014 ला सिडनीत चेंडू त्याच्या हेल्मेटखाली, मानेला लागला, मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी फाटली आणि दोन दिवसांनी तो गेला. त्या घटनेवरून ‘हेल्मेट निरुपयोगी’ असा निष्कर्ष काढणं म्हणजे छप्पर एका जागी गळलं म्हणून सगळी कौलं उतरवून ठेवणं. ऑस्ट्रेलियाने उलट केलं. मानेच्या मागे लावायचं कवच तयार झालं आणि ऑक्टोबर 2023 पासून तिथल्या वरच्या पातळीच्या क्रिकेटमध्ये वेगवान गोलंदाजीसमोर ते सक्तीचं झालं. मजकूर लिहिणाऱ्याने ह्यूजचं नाव घेतलं, पण त्याच्या मृत्यूनंतर काय बदललं ते शोधलं नाही, याचं मला वाईट वाटतं.

आता डोक्याला लागल्यावरची ‘डॉक्टरची चिठ्ठी’. या मुद्द्यावर मी सगळ्यात जास्त भांडेन, कारण सगळ्यात जास्त चुका इथेच होताना मी पाहते. मुलाला चेंडू लागतो, तो बसतो, कुणीतरी बाटलीतलं पाणी डोक्यावर ओततं, आणि तो उठून म्हणतो, ‘कांय ना टीचर, बरो आसां.’ सगळे टाळ्या वाजवतात. पण तो बरा आहे की नाही हे त्यालाच कळत नाही, कारण ज्या मेंदूने ते ठरवायचं त्यालाच मार बसलेला असतो.

आपला क्रिकेटपटू रमण लांबा आठवतो ना? फेब्रुवारी 1998, ढाका. फॉरवर्ड शॉर्ट लेगला, म्हणजे फलंदाजाच्या अगदी जवळ, तो हेल्मेटशिवाय उभा राहिला होता, थोडेच चेंडू राहिले होते म्हणून. फटका डोक्यावर बसला आणि चेंडू उडून यष्टिरक्षकाच्या हातात गेला. लांबा शुद्धीत होता, मैदानाबाहेर गेला. नंतर शुद्ध हरपली आणि तीन दिवसांनी, 23 फेब्रुवारीला, तो गेला. ‘उठला म्हणजे बरा आहे’ असं कुणी म्हणालं की मला हा माणूस आठवतो.

अमेरिकेतला नियम असा आहे की डोक्याला मार लागल्याची लक्षणं दिसली, म्हणजे गोंधळलेली नजर, डोकेदुखी, तोल जाणं, पुन्हा पुन्हा तोच प्रश्न विचारणं, की मुलाला लगेच बाहेर काढायचं आणि योग्य वैद्यकीय व्यक्तीने परवानगी दिल्याशिवाय परत घ्यायचं नाही. या नियमामागे एक मुलगा आहे. झॅकरी लिस्टेट, तेरा वर्षांचा, वॉशिंग्टन राज्यातला. खेळ अमेरिकन फुटबॉल होता, बेसबॉल नव्हे. 2006 मध्ये सामन्यात डोकं आपटलं, थोडा वेळ बाहेर बसला आणि त्याच सामन्यात परत उतरला. सामना संपल्यावर कोसळला. मेंदूवरचा दाब कमी करायला कवटीचा भाग काढावा लागला, आणि पुढे पहिला शब्द बोलायला त्याला नऊ महिने लागले. 2009 मध्ये त्या राज्याने त्याच्या नावाने कायदा केला, आणि 2014 पर्यंत अमेरिकेच्या पन्नासही राज्यांत असे कायदे झाले. या कायद्याने कुठली कंपनी काय विकते? मुलाला बाकावर बसवायला पैसे लागत नाहीत.

‘चेंडू मोजणं म्हणजे लाड.’ मोठ्या लीगचा टॉमी जॉन 1974 मध्ये कोपराच्या तुटलेल्या अस्थिबंधनावर शस्त्रक्रिया करून घेणारा पहिला पिचर ठरला, म्हणून ती शस्त्रक्रिया त्याच्या नावाने ओळखली जाते. आज शाळकरी पिचर ती करून घेतात. वाढत्या वयात हाड जिथून वाढतं ती जागा मऊ असते, अस्थिबंधनापेक्षाही आधी तीच दुखावते. म्हणून 2017 पासून तिथल्या प्रत्येक राज्याला हायस्कूल पिचरसाठी चेंडूंच्या संख्येवर आधारलेली मर्यादा ठरवणं बंधनकारक झालं. आकडे राज्यागणिक वेगळे आहेत. सर्वसाधारण मार्गदर्शक सूचना सांगतात की पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाने दिवसाला 95 पेक्षा जास्त चेंडू टाकू नयेत, आणि 76 किंवा त्याहून जास्त टाकले तर चार दिवस विश्रांती द्यावी. आपल्याकडे तालुका पातळीच्या स्पर्धेत दोन दिवसांत तीन सामने होतात आणि संघात पिचर असतो एकच. त्या मुलाचा खांदा तिसऱ्या सामन्यात खाली येतो, कोपर शरीराला चिकटायला लागतं, आणि आम्ही बाहेरून ओरडतो, ‘जोर लाव!’ मीही ओरडले आहे. आता वही आणि पेन्सिल घेऊन बसते. खर्च दहा-वीस रुपये.

विजेचं थोडक्यात सांगते. मेघगर्जना ऐकू आली म्हणजे वीज तुमच्यापर्यंत पोचू शकेल इतकी जवळ आहे. म्हणून शेवटच्या गर्जनेनंतर तीस मिनिटं थांबायचं, पुन्हा गडगडलं तर मोजणी पहिल्यापासून. ऑक्टोबरमध्ये दुपार सरता सरता सत्तरीच्या डोंगरांकडून काळोख येतो, हे गोव्यात कुणाला सांगायला हवं? मैदानात धातूची बॅट धरलेली मुलं असतात आणि पाऊस आला की सगळी एकाच फणसाखाली धावतात. थांबायचं ते पक्क्या इमारतीत किंवा बंद गाडीत. झाडाखाली कधीच नाही.

‘कंपन्यांचा धंदा’ या आरोपात तथ्य शून्य आहे असं नाही. साहित्य महाग आहे, आणि तिथल्या शाळांना खटल्यांची भीतीही असते. पण काही साहित्याचं कारण वाचलंत तर मत बदलेल. 2020 पासून तिथे कॅचरचं (बॅटरच्या मागे बसून चेंडू पकडणाऱ्याचं) चेस्ट गार्ड ठरावीक मानकाचं असावं लागतं. लहान मुलांची छाती लवचिक असते. हृदयाच्या ठोक्याच्या एका विशिष्ट क्षणी छातीवर चेंडू आपटला, तर हाड न मोडता, बाहेर काहीही न दिसता हृदयाची लय बिघडते आणि मूल जागच्या जागी कोसळतं. याला कमोशिओ कॉर्डिस म्हणतात. तो क्षण सेकंदाच्या काही शतांशांचा असतो. नुसत्या फोमचं जुनं गार्ड मुका मार वाचवायचं, हे थांबवू शकत नव्हतं. म्हणून मानक आलं. बॅटचंही तसंच. 2012 पासून धातूच्या बॅटींवर मर्यादा आली, कारण त्यावरून सुटलेला चेंडू पिचरकडे फार वेगाने येत होता. बॅटर आणि पिचर यांच्यातलं अंतर 18.44 मीटर, आणि चेंडू टाकल्यावर पिचर आणखी दोन-एक मीटर पुढे येतो. ताशी 145 किलोमीटरने आलेल्या फटक्यासाठी त्याच्याकडे सेकंदाचे चार दशांश उरतात.

आणि एक नियम, ज्यावर त्या मजकुरात अक्षरही नाही: पिचरला वॉर्मअप देताना बसणाऱ्या विद्यार्थ्यालाही मास्क हवा, गळ्याच्या संरक्षणासकट. काही वर्षांपूर्वी मी ज्या मैदानावर सराव घेत होते, तिथे जांभ्याचे खडे वर आलेले होते. एक मुलगा ‘दोनच बॉल’ म्हणून मास्कशिवाय बसला. तिसरा चेंडू खड्यावर पडून वळला. मी धावले तेव्हा तो ओंजळीत काहीतरी धरून बसला होता. वरचे दोन दात होते, एक अख्खा, एक अर्धा. मास्क पिशवीत होता. पिशवी माझ्या पायाशी होती.

‘आपल्याकडे बेसबॉल खेळतं कोण?’ असंही काहींनी खाली लिहिलं. बेसबॉल आणि सॉफ्टबॉल हे दोन्ही शालेय राष्ट्रीय स्पर्धांतले खेळ आहेत, आपली मुलं ते खेळतात. आणि बेसबॉल बाजूला ठेवला, तरी सीझन बॉलचं क्रिकेट गावागावात आहे. बॅटर, पुढचा बॅटर आणि तीन बेसवर तीन रनर, म्हणजे पाच हेल्मेट पुरतात. दोन विद्यार्थी कोच धरले तर सात. ती सगळा संघ आळीपाळीने वापरतो. दोन शाळांनी मिळून घेतली तरी चालतं, आम्ही तसंच करतो.

राहिली आणीबाणीची तयारी. हृदय थांबलं तर एईडी या यंत्राचा हृदयाला विजेचा झटका मिळेपर्यंत जाणारं प्रत्येक मिनिट वाचण्याची शक्यता साधारण सात ते दहा टक्क्यांनी कमी करतं. आमच्या मैदानावर ते यंत्र नाही. छाती दाबायला मात्र दोन हात लागतात, आणि ते मी नववी-दहावीच्या सगळ्या मुलांना शिकवलं आहे. 108 ला फोन कोण करणार हे सामन्याआधी नाव घेऊन ठरवते. रुग्णवाहिका जिथून येणार ते मोठं फाटक एरवी कुलूपबंद असतं, चावी पलीकडच्या वाड्यावर. नाणेफेकीच्या आधी ती चावी माझ्या खिशात आली नसेल, तर मी सामना सुरू करत नाही. गेल्या मोसमात त्यापायी आम्ही पंचवीस मिनिटं उन्हात थांबलो. पाहुण्या संघाचे सर वैतागले. पुढच्या सामन्याला त्यांनीच आल्या आल्या विचारलं, ‘टीचर, चावी आली?’